फिगर काढायला कोणतं पेन घ्यावं: तालुक्याच्या दुकानातल्या सामानाची पारख

इंटरमिजिएट या चित्रकला परीक्षेच्या स्मरणचित्रात बाजार, बसस्थानक, पाणवठा काढून झाला की बरीच मुलं पेन्सिल बाजूला ठेवून पेनाकडे वळतात. पहिली खरेदी बहुतेकांची सारखीच असते: काळ्या फाइनलायनरचा, म्हणजे बारीक टोकाच्या, एकसारखी रेघ देणाऱ्या पेनाचा, तीन नाही तर सहा पेनांचा संच. पेन चांगलं असतं, शाई पक्की असते, तरी महिनाभरात काढलेली माणसं पुठ्ठ्यातून कापल्यासारखी दिसायला लागतात. यात हाताचा दोष कमी आणि खरेदीच्या क्रमाचा जास्त. माणूस रेखाटताना रेघ कुठे दाबायची आणि कुठे सोडायची हे आधी शिकावं लागतं, आणि फाइनलायनर नेमकं तेवढंच शिकवत नाही. म्हणून इथे प्रत्येक पेनाला पहिला प्रश्न एकच विचारला आहे: हाताचा दाब बदलला की रेघ बदलते का?

अकोला, यवतमाळ, वाशीम, चंद्रपूर या बाजूच्या तालुक्याच्या गावात स्टेशनरीच्या दुकानात, झेरॉक्सवाल्याकडे किंवा एकदा पार्सल मागवून मिळेल, एवढंच सामान विचारात घेतलं आहे. कामंही सगळ्यांना तीच दिली: एका पायावर भार टाकून उभा माणूस, उकिडवा बसलेला कास्तकार, डोक्यावर भारा घेतलेली बाई, हाताचा पंजा आणि नऊवारी लुगड्याच्या चुण्या. ही पाच कामं ज्या पेनाला जमतात त्याला बाकीचं सहसा जमतं.

दहा रुपयांचं बॉलपेन

सगळ्यात आधी हेच घ्या. रेनॉल्ड्स ०४५ सारखं साधं, बारीक टोकाचं, काळं किंवा निळं. बॉलपेनची शाई तेलकट आणि घट्ट असते. टोकातली गोळी कागदावर घासून फिरली तरच ती उतरते. हात हलका ठेवला की रेघ राखाडी, जवळपास पेन्सिलीसारखी येते, आणि दाबला की काळीभोर. आखणीची फिकी रेघ आणि शेवटची ठाम रेघ एकाच पेनात मिळते, त्यामुळे खाली पेन्सिलीचा आधार लागत नाही. खोडता येत नसल्यामुळे डोळ्याला आधी मोजायची सवय लागते.

मोजायचं कसं, तर ठिपक्यांनी. कागदावर चार ठिपके द्या: टाळू, हनुवटी, जांघ आणि टाच. मोठ्या माणसाची उंची साधारण साडेसात डोक्यांइतकी भरते आणि जांघ जवळजवळ मधोमध येते. पाच-सहा वर्षांच्या पोराची उंची साडेपाच ते सहा डोकी, तान्ह्या बाळाची चार. नवशिक्याच्या चित्रात पाय आखूड होतात त्याचं कारण ठरलेलं असतं: चेहऱ्यापासून सुरुवात होते, चेहरा मनात मोठा असतो म्हणून कागदावरही मोठा येतो, आणि खाली येईपर्यंत जागा संपते. मग गुडघ्याखालचा भाग दामटून बसवावा लागतो. टाचेचा ठिपका आधीच पडलेला असला की ही चूक होत नाही.

ठिपक्यांनंतर ओळंबा. गवंडी भिंतीला लावतो तसाच ओळंबा गळ्याच्या खळगीतून मनात सोडा. माणूस एका पायावर भार देऊन उभा असेल तर तो ओळंबा त्या पायाच्या घोट्याजवळ पडतो. तो दोन्ही पायांच्या मध्ये पडला तर भार दोन्हीकडे आहे. पायांच्या बाहेर पडला तर माणूस टेकलेला आहे, चालतो आहे किंवा पडतो आहे. भाराच्या बाजूचं कमरेचं हाड वर जातं आणि त्याच बाजूचा खांदा खाली येतो. या दोन तिरक्या रेघा हलक्या हाताने मारल्या की अर्धी फिगर उभी राहते. एसटीच्या थांब्यावर ताटकळलेल्या कुठल्याही माणसात हे पाहून घ्यावं.

तीस सेकंदांच्या स्केचमध्ये एवढंच करायचं, पुढे जायचं नाही. एक मिनिट असेल तर छातीचा पिंजरा आणि कमरेचं खोकं ही दोन वजनं जोडा. दोन मिनिटांत बाहेरची कड येते. कपडे, नाक-डोळे यांना पाच मिनिटांच्या आत हात लावू नये. दिवसाला वीस लहान आकृत्या, प्रत्येकी एका मिनिटाच्या, ही मात्रा चांगली. ए-फोर कागदाच्या दोन घड्या घातल्या की चार चौकटी होतात. एका चौकटीत एक माणूस, म्हणजे पाच कागद.

उकिडव्या माणसात बॉलपेनची खरी परीक्षा होते. पानठेल्यावर, धुऱ्यावर, बैलाच्या दावणीशी आपल्याकडे माणसं तळपाय पूर्ण टेकवून बसतात. अशा बैठकीची उंची चार डोक्यांच्या आसपास येते, मांड्या पोटऱ्यांना चिकटतात आणि गुडघे काखेपाशी पोचतात. चूक अशी होते की माणूस अदृश्य स्टुलावर बसल्यासारखा दिसतो, कारण नितंब टाचांपासून फार वर राहतात. टाचेखाली आणि तळपायाच्या बाहेरच्या कडेला पेन जोरात दाबा, खांद्याची वरची कड जेमतेम टेकवा. सगळं वजन खाली उतरलं की माणूस जमिनीवर बसतो. हे साध्या बॉलपेनने जितकं सहज होतं तितकं महागड्या फाइनलायनरने होत नाही.

दोषही आहेत. टोकाशी शाईची गुठळी जमते आणि वळणावर नेमकी गालावर पडते, म्हणून दर दहा-पंधरा रेघांनी टोक सुती चिंधीला पुसावं. शाई वजनाने खाली उतरत असल्यामुळे पाटी उभी धरली किंवा उताणं पडून काढलं की पेन कोरडं चालतं. जोरात दाबलेल्या रेघेचा खड्डा खालच्या कागदावर उमटतो आणि तिथे पुढच्या चित्रात रेघ तुटते. मध्ये वहीचं जुनं पुठ्ठ्याचं कव्हर ठेवा. आणि ही शाई उन्हात विटते, निळी तर लवकरच. सरावाला उत्तम, भिंतीवर लावायला नाही.

जेल आणि लिक्विड इंक

जेल पेनची रेघ काळी आणि सुंदर, पण एकसारखी. ओली असताना हाताने फासते, आणि जलद ओढलेल्या लांब रेघेत मध्येच पांढरी फट पडते. फिगरला आम्ही याची शिफारस करत नाही.

पायलट व्ही-फाइव्हसारखं पातळ शाईचं पेन जलद स्केचला मात्र मजेदार आहे. दाब लागतच नाही, हात पळतो तशी रेघ पळते. बॉलपेनवर घट्ट मूठ धरायची सवय लागलेल्यांनी आठवडाभर हे वापरावं, मूठ सैल होते. टोक कागदावर थांबलं की ठिपका पसरतो, म्हणून विचार करताना पेन उचलून धरायचं. शाई पाण्याने वाहते.

फाइनलायनर: चांगलं, पण नंतर

साकुरा या जपानी कंपनीची पिग्मा शाई १९८२ सालची. रंगद्रव्याची शाई इतक्या बारीक टोकातून उतरवण्याचं काम तिने केलं, आणि आज छपाईसाठी चित्रं काढणाऱ्या पुष्कळांच्या टेबलावर याच शाईचं मायक्रॉन पेन असतं ते उगाच नाही. वाळल्यावर पाणी लागलं तरी हलत नाही, उन्हाने सहजी विटत नाही. या शाईबद्दल तक्रार नाही.

घेताना आकड्यांकडे नीट पाहा. मायक्रॉनवरचं ०१ म्हणजे ०.१ मिलिमीटर नव्हे, ०.२५. ००५ ची रेघ ०.२० ची, ०३ ची ०.३५ ची, ०५ ची ०.४५ ची आणि ०८ ची ०.५० ची. म्हणजे ००५ आणि ०१ मधला फरक जेमतेम केसाएवढा. दोन्ही घेण्यात पैसे वाया जातात. दुसऱ्या कंपन्यांचे आकडे याच्याशी जुळतीलच असं नाही. शिकणाऱ्याला ०१ आणि ०५ अशी दोनच पेनं पुरतात. सहाचा संच घेतला की सहा जाडीच्या सहा मेलेल्या रेघा हातात येतात आणि मुलगा दाब बदलण्याऐवजी पेन बदलत बसतो.

टोक धातूच्या नळीतून किंचित बाहेर आलेलं असतं. पेन आडवं धरलं की नळीची कड कागद खरवडते, दाबलं की टोक आत जातं आणि मग परत येत नाही. जवळजवळ उभं धरा, वजन हाताचं नको, पेनाचंच पुरे. मेणचट रंगपेन्सिलीवर किंवा दाट ग्रॅफाइटवर चालवलं की टोकाची छिद्रं बुजतात. हातकागदावर टोक लवकर झिजतं. लहान चेहरे, बोटं, एकसारखी क्रॉस हॅचिंग (एकमेकींना छेदणाऱ्या रेघांची सावली) यांत याला तोड नाही. पण हॅचिंगही हातापायांच्या गोलाईने वळवावी लागते. दंडावर बांगडी बसते त्या वळणाने रेघा घेतल्या की दंड गोल दिसतो. सरळ तिरक्या रेघा मारल्या की चपटा.

फाउंटन पेन आणि दौतीतली शाई

मुंबईत दांडेकरांनी १९३१ मध्ये शाईच्या पुड्यांपासून कॅमलिन सुरू केली. त्यांची कॅमल शाई आजही तालुक्याच्या दुकानात खात्रीने मिळते. ही फाउंटन पेनची शाई रंगाच्या द्रावाची असते, तिच्यात काजळीचे कण नसतात. पाण्याने ती विरघळते, आणि फिगरच्या कामात हा तिचा गुण आहे. आकृती काढून घ्या, मग ओला ब्रश किंवा नुसतं ओलं बोट हनुवटीखाली, काखेत, लुगड्याच्या ओच्याखाली फिरवा. रेघेतलीच शाई पसरून सावली तयार होते. एका पेनात रेघ आणि छटा दोन्ही मिळाल्या. सावली एकाच बाजूला धरायची, आणि एकदा पाणी फिरवलेल्या जागी कागद वाळेपर्यंत पुन्हा जायचं नाही, नाही तर कागदाची साल निघते.

साध्या निबचं पेन उलटं धरलं, म्हणजे निबची पाठ कागदाकडे, की रेघ बारीक होते. सरळ धरून अंगाची कड, उलटं धरून चेहरा, अशी सवय करता येते. निबला खूप लवचीकपणा असतो असं मात्र नाही. दाबून जाड रेघ काढायला गेलं की टोकाच्या दोन फाळ्या फाकतात आणि पुन्हा जुळत नाहीत.

एक गोष्ट ठळकपणे सांगायची आहे. ड्रॉइंग इंक म्हणून मिळणारी वॉटरप्रूफ काळी शाई फाउंटन पेनमध्ये कधीही भरू नका. तिच्यात काजळी असते आणि तिला धरून ठेवायला लाख. पळस-कुसुमावर किडा धरतो, तीच लाख. ती पेनाच्या आतल्या बारीक वाटेत वाळली की पाण्याने सुटत नाही. पेन गेलंच. ही शाई टाकाला, म्हणजे बुडवून चालवायच्या निबच्या पेनाला, आणि बोरूला, म्हणजे बांबूच्या लेखणीला.

पाणी पाहून घ्या

टाकाची शाई उन्हाळ्यात घट्ट होते. अकोला-चंद्रपूरकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की उघडी दौत तासाभरात सायीसारखी होते आणि निबवर शाई दोरीसारखी लोंबते. पातळ करायला लोक जवळ असेल ते पाणी घालतात आणि शाई फाटते: तळाशी काळा चोथा, वर मळकट पाणी. दोष शाईचा नसतो. काजळीचे कण पाण्यात एकमेकांपासून दूर तरंगत असतात म्हणून शाई एकजीव दिसते. पाण्यात क्षार जास्त असले की ते कण एकमेकांना चिकटून खाली बसतात. पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाण पट्ट्यात, म्हणजे अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या बऱ्याच गावांत, बोअरचं पाणी शाईला अजिबात चालत नाही. गॅरेजवर बॅटरीत टाकायला डिस्टिल्ड पाणी मिळतं ते आणा. ॲसिड नव्हे, नुसतं पाणी, बाटलीवर वाचून घ्या. पावसाचं गाळलेलं पाणीही चालतं. दौतीत थेट ओतू नका. बाटलीच्या झाकणात थोडी शाई घेऊन तिच्यात थेंब-थेंब मिसळा आणि तेवढीच वापरा.

घरी शाई करायची असेल तर अवघड नाही. तेलाच्या दिव्यावर उलटं भांडं धरून काजळी जमवा. बाभळीचा डिंक रात्रभर भिजवून फडक्यातून गाळा. वजनाने एक भाग काजळीला दीड ते दोन भाग कोरडा डिंक धरावा. काजळी तेलकट असते, ती पाण्यावर तरंगते. म्हणून आधी डिंकाच्या घट्ट पाकात खलायची आणि मगच पाणी घालायचं. खलायला कंटाळलात तर शाई दाणेदार राहते. तास-दोन तास द्यावेच लागतात. डिंक कमी पडला तर वाळलेली रेघ बोटाला काळी लागते, जास्त झाला तर चकाकते आणि घडीवर तडकते. ही शाई पाण्याने सुटते, हे लक्षात ठेवून वापरा. हिरडा आणि हिराकस यांची जुनी शाईही करता येते, ती पक्की असते, पण लोखंडी निब आणि पातळ कागद दोन्ही खाते. शिकताना तिच्या वाटेला जाऊ नये.

टाक आणि बोरू

बॉलपेनवर तीन-चार महिने झाले की पुढचं पाऊल हेच. टाकाची टोकदार, लवचीक निब दुकानात क्वचितच असते. तिथे सुलेखनाच्या चपट्या निब मिळतात, त्या फिगरच्या कामाच्या नाहीत. जी-निब नावाने मिळणाऱ्या टोकदार निब पार्सलने मागवाव्या लागतात.

नव्या निबला गंजू नये म्हणून तेलाचा हात दिलेला असतो. तशीच बुडवली तर शाईचे मणी होतात आणि घसरून पडतात. साबणाच्या पाण्याने किंवा टूथपेस्टने चोळून धुवा, पुसा. बुडवताना निबच्या पोटातल्या भोकापर्यंतच बुडवा, त्यावर नाही. बाहेर काढताना दौतीच्या काठाला टेकवा. रेघ नेहमी स्वतःकडे ओढायची. टोक पुढे ढकललं की ते कागदाच्या धाग्यात अडकतं आणि सुटताना शाईचा शिंतोडा उडतो. म्हणून टाकाने काढताना हातापेक्षा कागद जास्त फिरतो. दर चार-पाच मिनिटांनी निब ओल्या फडक्याने पुसावी. वाळलेली शाई फटीत बसली की रेघ दुहेरी येते.

एवढं सांभाळलं तर जी रेघ मिळते तिच्याशी वरचं कुठलंच पेन बरोबरी करू शकत नाही. भारा घेतलेली बाई घ्या. भाऱ्याचं वजन मान, पाठ आणि कमरेतून सरळ टाचेत उतरतं, म्हणून मान ताठ असते आणि ओळंबा भाऱ्याच्या मधून पायापर्यंत जातो. भारा धरायला वर गेलेल्या हाताने खांदा उचलला जातो आणि त्या बाजूची बरगडी ताणते; दुसऱ्या बाजूला कमरेत घडी पडते. ताणलेल्या बाजूला एकच लांब बारीक रेघ, घडीच्या बाजूला दोन-तीन आखूड जाड रेघा. निब एका श्वासात दोन्ही देते. नऊवारीच्या चुण्या तीन जागांहून निघतात: कमरेची गाठ, मागे खोचलेल्या कासोट्याची ओढ आणि वाकलेला गुडघा. चुणी जिथे धरलेली असते तिथे रेघ दाबून सुरू करायची आणि कापड सुटतं तिथे हात उचलत न्यायची. सगळीकडे चुण्या काढल्या की आतला पाय हरवतो. एका पायाला पाच रेघा खूप झाल्या.

बोरूसाठी मात्र पार्सलची वाट पाहू नका. बुरडाकडे टोपल्या विणून उरलेले बांबूचे तुकडे असतात. पेन्सिलीएवढा किंवा थोडा जाड, पूर्ण वाळलेला, वीतभर लांब तुकडा निवडा. ओला बांबू कापल्यावर वाकतो. धारदार चाकूने टोकाशी चार-पाच सेंटिमीटरचा तिरपा काप घ्या, आतला मऊ गर खरवडून काढा, पण बाहेरची चकचकीत साल राखा. लिहिणारी कड त्या सालीचीच असते, बाकीचा भाग शाईत फुगून मऊ पडतो. काप संपतो त्याच्या जवळ बारीक भोक पाडा आणि टोकापासून भोकापर्यंत चीर द्या. भोक नसेल तर चीर वर पळत जाते आणि बोरू उभा फाटतो. शेवटी टोक दोन मिलिमीटरवर सरळ छाटा. चीर देताना बांबू पाटावर ठेवा, हातात धरून चाकू ओढू नका.

बोरू शाई थोडीच धरतो. रेघ काळी सुरू होते आणि वीतभरात सुकी, खरबरीत होऊन संपते. घोंगडी, खांद्यावरचा दुपट्टा, म्हाताऱ्या माणसाची पाठ, उन्हात रापलेला हात यांना ही सुकी रेघ जितकी शोभते तितकी दुसरी कुठलीच नाही. बारीक चेहरा याने काढायला जाऊ नये. आकृती वीतभर तरी उंच घ्या. एका बुडवणीत डोक्यापासून टाचेपर्यंत जाता येतं का पाहा. आधी भाराचा पाय काढायचा, शाई काळी आहे तोवर, आणि सुकत आल्यावर मोकळा पाय. पैसे जवळजवळ शून्य, शिकवण भरपूर. बॉलपेन सोडलं तर या सगळ्या यादीत आमची पसंती यालाच आहे.

पंजाचं काम टाकावर करा. हात चेहऱ्याएवढा असतो, हनुवटीपासून केसांच्या रेषेपर्यंत. लोक तो निम्माच काढतात. मागून पाहिलं तर मधलं बोट गाठीपासून टोकापर्यंत पंजाच्या निम्म्या लांबीचं भरतं. बोटं एकेक करून काढू नका, आधी मोज्यासारखा एक आकार, मग त्यातून अंगठा वेगळा.

कागद

पैसे कमी असतील तर पेनात वाचवा, कागदात नको. सत्तर-पंच्याहत्तर जीएसएमच्या (एका चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन) झेरॉक्स कागदाचं पाचशेचं रीम बॉलपेनला झकास. पातळ शाई मात्र त्यावर धाग्याधाग्याने पसरते. शाळेची स्वस्त चित्रकला वही जाड असली तरी वरून मऊ, कापसासारखी असते. निब त्यात रुतते आणि टोकावर धाग्यांचा गोळा धरते. तीच वही बॉलपेनला चालून जाते.

टाकासाठी सगळ्यात चांगला आणि सहज मिळणारा कागद म्हणजे बाँड पेपर, ८५ ते १०० जीएसएम. तहसील कचेरीसमोरच्या टायपिंगवाल्याकडे किंवा झेरॉक्सच्या दुकानात तो सुटा मिळतो. पारखायला एक कागद आधी मागा: दहा रेघा मारा, एका जागी टोक पाच मोजेपर्यंत थांबवा, मग कागद उलटून पाहा. मागे डाग नाही आणि रेघेला मिशा फुटल्या नाहीत तर घ्या. जाड काम करायचं असेल तर दीडशे जीएसएमच्या आसपासची कार्ट्रिज शीट. तिची एक बाजू गुळगुळीत, एक खरबरीत. टाक गुळगुळीत बाजूला, बोरू खरबरीत.

वर्ध्याच्या मगनवाडीत १९३४ पासून अखिल भारत ग्रामोद्योग संघाचं काम चाललं, हातकागद त्यातला एक उद्योग होता. असा हातकागद मिळाला तर बोरू त्यावर सुंदर चालतो, पण पुष्कळदा कागदाला खळ कमी असते आणि शाई शोषली जाते. तांदळाची पातळ पेज गाळून ब्रशने दोन्ही बाजूंना लावा, सावलीत वाळवा आणि स्टीलच्या वाटीच्या गुळगुळीत बुडाने घोटा. हातकागद करणारे जुने कागदी असंच घोटत असत. पेज लावलेला कागद डब्यात बंद ठेवा. झुरळं आणि कसर त्याच्यावरच आधी येतात.

शेतात, बाजारात आणि पावसात

आठवडी बाजारात आणि वेचणीच्या वावरात माणूस स्थिर राहत नाही, पण तीच हालचाल पुन्हा पुन्हा करतो. पऱ्हाटीच्या ओळीत वेचणाऱ्या बाया कमरेतून वाकतात, बोंडाकडे हात नेतात, कापूस ओटीत टाकतात, पुढे सरकतात. एका पानावर तीन आकृत्या एकदम सुरू करा, प्रत्येक हालचालीची एक. ती हालचाल परत आली की त्या त्या आकृतीत भर घाला. ओटी भरत जाते तसं तिचं वजन कमरेला खाली ओढतं, म्हणून कमरेच्या बिजागरीपासून सुरुवात करावी, डोक्यापासून नाही. काढण्याआधी मावशींना विचारा आणि झालेलं चित्र दाखवा.

वावरात बॉलपेन किंवा फाउंटन पेन न्या, टाक-दौत घरी. भर उन्हात पांढरा कागद डोळ्यांना झोंबतो आणि रेघ फिकी वाटून हात उगाच दाबला जातो. कागद स्वतःच्या सावलीत धरावा. ऑगस्टमध्ये उलट अडचण येते. दमट हवेने कागद ओल धरतो आणि बाँडसुद्धा थोडा फुटतो. रीम उघड्यावर न ठेवता प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून लोखंडी पेटीत ठेवा, आणि टाकाचं काम दुपारी, हवा सुकी असताना करा.

निब मागवताना एकदम पाच-सहा मागवा, कारण एक-दोन हाताळण्यात वाकणारच. पावसाळ्यात त्यांना एका रात्रीत गंज चढतो. धुऊन, पूर्ण कोरड्या करून, खोबरेल तेलाचं बोट लावून छोट्या डबीत ठेवा, आणि पुढच्या वेळी शाईत बुडवायच्या आधी ते तेल साबणाने काढायला विसरू नका.